पिवळा ठिपका

० किमी

सहा दिवसांचा अबोला मोडला तो सकाळी सव्वानऊला, चहाच्या वेळी. तो मोडावा असं त्या क्षणी दोघांपैकी कुणाच्याच मनात नव्हतं.

मिस्त्री गॅरेजच्या दारात उभा होता. मिस्त्रीण आत एका जुन्या टायरवर त्याच्याकडे पाठ करून बसली होती. लेक पावणेनऊला गाडी घेऊन गेली होती आणि ती गेल्यावर गॅरेजात एकदम नको इतकी जागा झाली होती.

"मागच्या नळीचा क्लॅम्प ज्यानं आवळला त्यानं नीट आवळला असावा," मिस्त्री भिंतीवर टांगलेल्या पान्यांना म्हणाला. "वर घाट आहे."

सहा दिवस दोघं असंच बोलत होती. तो पान्यांशी, ती पंख्याशी. 'कुणाला जेवायचं असेल तर ताट वाढलंय' आणि 'कुणीतरी दहाचा पाना जागेवर ठेवत नाही' एवढ्यावर संसार आणि धंदा दोन्ही चालू होते. पान्याला बोललेल्याचं उत्तर पंख्याकडून यायचं. आज ते आलं नाही. मिस्त्रीणीने मान वळवून सरळ नवऱ्याकडे पाहिलं.

"मी कुठे आवळला?"

"पिवळा ठिपका होता."

"ठिपका मी लावला. क्लॅम्प बसवला म्हणून लावला. आवळायचं काम तुमचं."

"बसवल्याचा ठिपका पांढरा असतो!"

"पांढरी बाटली वाळून खडखडीत झाली होती. पिवळी हाताशी होती, तीच लावली."

"मग सांगायचं नाही?"

"कुणाला?" मिस्त्रीण म्हणाली.

मिस्त्रीने कप ठेवला. ठेवला म्हणजे हातातून सोडला. खाली टेबल होतं हे कपाचं नशीब.


कालचं, म्हणजे शून्याच्याही अलीकडचं

ती नळी बोटभर जाड आणि वीतभर लांब. पण बसते कुठे, तर इंजिनाच्या पाठीमागे, पत्र्याच्या भिंतीला खेटून, वरून अर्धा डझन पाइपांच्या जंजाळाखाली. तिच्यातून उकळतं पाणी फिरतं. डोळ्यांना ती दिसत नाही. हात घालावा तर कोपरापाशी अडतो. दुसरे मिस्त्री त्या नळीसाठी अर्धं इंजिन उतरवतात आणि गिऱ्हाइकाला चार दिवसांनी या म्हणतात.

या गॅरेजात ते काम दीड तासात व्हायचं. मिस्त्रीणीचा हात लहान, मनगट बांगडीच्या दुकानदाराला कौतुक वाटावं असं. ती स्टुलावर चढून बॉनेटखाली आडवी व्हायची, गाल इंजिनाला टेकवायची, डोळे मिटायची आणि हात आत सोडायची. बोटांनीच जुनी नळी सोलून काढायची, नवी चढवायची, नळी आवळणारं पत्र्याचं कडं, म्हणजे क्लॅम्प, जागेवर सरकवायची. मग तारेला बांधलेल्या ब्रशने क्लॅम्पवर पांढरा ठिपका लावायची आणि म्हणायची, "बसला." खाली खड्ड्यात उभा असलेला मिस्त्री लांब दांड्याच्या पान्याने स्क्रू पिळायचा, आरशाच्या तुकड्यात बघत पांढऱ्यावर पिवळा ठिपका द्यायचा आणि म्हणायचा, "आवळला." एकाला दुसऱ्याचं टोक दिसत नाही, म्हणून दोन रंग. पिवळं झालं की त्या क्लॅम्पकडे परत बघायचं नाही. बावीस वर्षांत एकही नळी परत आली नव्हती.

काल लेकीला द्यायच्या गाडीवर 'बसला' कुणी म्हटलं नाही. 'आवळला'ही नाही.

मिस्त्रीने खालून आरसा धरला, पिवळा ठिपका पाहिला आणि त्याच्या मनात आलं: बघा, आता आवळायचंही हिनंच उरकलं. माझी गरजच नाही कुणाला. लेक दुसऱ्या गावी नोकरीला जायची म्हणते, आई तिला गाडीची किल्ली देते, बापाला विचारत नाही, आणि वर सहा दिवस अबोला. मग क्लॅम्प आवळताना तरी का विचारतील?

आणि तो खड्ड्यातून वर आला.

इंजिन दहा मिनिटं चालवून बघितलं. थेंब नाही. नवं रबर घट्ट असतं, उभ्या गाडीत दाब कितीसा येणार! ते रबर चढावर पकड सोडणार होतं.


६ किमी

गॅरेजची पिकअप दोघांना घेऊन गावाबाहेर पडली तेव्हा मिस्त्रीण चौथ्यांदा फोन लावत होती. आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती. तिने निरोप टाकला होता: गाडी थांबव. बॉनेटला हात लावू नको. आम्ही येतोय. निरोपासमोर एकच टिक होती, दुसरी उमटत नव्हती.

"घाट सुरू होतो अडतिसाव्या किलोमीटरला," मिस्त्री म्हणाला. "पावणेनऊला निघालीय. चाळीसच्या वर ती चालवत नाही."

"म्हणजे चढाला लागेलच आता."

"लागेल."

"मग आपण पोचेपर्यंत गाडी बंद पडलेली असेल. पडू दे ना! लोखंडच आहे. बसेल ती कडेला."

मिस्त्रीने बाही खाली ओढली. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत एक डाग होता, गुळगुळीत, बिनकेसांचा, सायकलच्या ट्यूबला लावलेल्या ठिगळासारखा. मिस्त्रीणीने बाही ओढलेली पाहिली.

"अहो," ती म्हणाली. "ती झाकण उघडेल."


१५ किमी

हो, उघडेल. कारण ती ठिणगी होती.

ठिणगी हे नाव बापानेच ठेवलेलं. चार वर्षांची असताना वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघत बसायची, हटकलं तरी हलायची नाही. दहाव्या वर्षी तिला गॅरेजातली एकच गोष्ट शिकायची होती: तापलेल्या रेडिएटरचं झाकण बाबा उघडतात तसं उघडायचं.

बाबा उघडायचे ते बघण्यासारखंच असायचं. वाफाळलेली गाडी आली की गिऱ्हाईक चार हात लांब उभं राहायचं. बाबा ओलं पोतं दुहेरी करून झाकणावर टाकायचे, त्यावर पंजा ठेवायचे, मोठ्याने मोजायचे, "एक, दोन, तीन," पाव आटा फिरवायचे. फुस्स! वाफेचा लोट. बाबा त्यातून हसत बाहेर. 'थांबायचं कशाला? थांबतात ते घाबरट,' असं वर म्हणायचे. ठिणगीने थंड इंजिनावर, कोरडं पोतं घेऊन, हे शंभर वेळा केलं होतं. बापाने टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि हातावरचा डाग? तो एका पेटलेल्या बसमधून माणूस ओढून काढताना पडला होता. असं ठिणगीला माहीत होतं. शाळेला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं.

गल्लीला माहीत नव्हतं ते असं: बस नव्हती आणि माणूसही नव्हता. होतं ते एक झाकण. मिस्त्री तेव्हा बावीस वर्षांचा, दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला, समोर तीन गिऱ्हाइकं आणि अंगात मस्ती. पोतं सरकलं. एवढंच. नव्या नवरीने महिनाभर त्याला भरवलं होतं. ही मस्ती करताना भाजलो हे कुणाला सांगू नकोस, असा त्याने तिच्याकडून शब्द घेतला होता.

"तू तिला कधी सांगितलंस?" मिस्त्रीने आता विचारलं. आवाज चोरटा होता. "डागाचं. खरं काय ते."

त्याला हो हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा बायकोने शब्द मोडलेला असावा, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"मी कशाला सांगू?" मिस्त्रीण म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, सांगू नकोस."


२४ किमी

मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे ती झाकण उघडते.

पोतं नाही, ओढणी आहे. ओढणी पातळ. एक, दोन

नको.

पुन्हा. ती झाकण उघडते, पण आधी पाण्याची बाटली ओतून ओढणी ओली करते, शिकवलं तसं, शाबास, आणि वाकते, कारण तिची उंची कमी, तोंड झाकणाच्या अगदी

नको!

पुन्हा. ती उघडत नाही. घाबरून कडेला बसते. बसलीय. छान बसलीय. मग घड्याळ बघते, दोन वाजता हजर व्हायचंय, नोकरीचा पहिलाच दिवस, आणि बाप म्हणाला होता की थांबतात ते

"समोर बघा!" मिस्त्रीण ओरडली. समोर म्हशीएवढा लाल दिवा लावलेला ट्रक ब्रेक मारून उभा होता. पिकअप त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मागचे पाने धाडकन पुढे आले.

मिस्त्रीणीने पायाशी पडलेला फोन उचलला.

"मी चालवू?" मिस्त्रीणीने विचारलं.

"तुला येतं?"

"तुम्ही झोपलेले असताना शिकले."

एरवी यावर आठवडाभर अबोला झाला असता. "कुणी शिकवलं?" एवढंच त्याने विचारलं, आणि उत्तर त्यालाच कळलं. त्याने गिअर टाकला.


३९ किमी

घाटाच्या दुसऱ्याच वळणावर रस्त्यावर पहिला ठिपका दिसला. हिरवा. कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, रंग हिरवा आणि हे कूलंट काल मिस्त्रीने स्वतः ओतलं होतं.

पुढे दहा पावलांवर दुसरा. मग चार पावलांवर. मग ठिपक्यांची रेघ झाली.

"नळी निसटलेली नाही," तो म्हणाला. "नुसती गळतेय."

"मग बरं ना?"

"बरं कसलं! निसटली असती तर दाब सुटला असता. आता आत पाणी कमी, उकळतंय, आणि दाब तसाच. सगळा झाकणाखाली."

मिस्त्रीणीने फोन ओढणीत गुंडाळला, परत सोडवला. टिक एकच.

वरून एक टॅक्सी उतरत होती. मिस्त्रीने हात बाहेर काढून ती थांबवली. टॅक्सीवाला गप्पिष्ट निघाला, नेमका आज.

"आहे ना, आहे! चार वळणं वर. धुराडं झालंय गाडीचं. मुलगी एकटीच आहे हो, मी थांबलो, म्हटलं ताई, मदत करू? तर मलाच म्हणते, काका, माझे बाबा मिस्त्री आहेत, मला येतं सगळं. हुशार पोरगी! मी म्हटलं बाई, झाकणाला तेवढा हात..."

"कधी? किती वेळ झाला?"

"आत्ता, हे काय, पाचेक मिनिटं. ती ओढणी भिजवत होती."

मिस्त्रीने त्याचे आभार मानले नाहीत.


४० किमी

पहिलं वळण. पिकअप पहिल्या गिअरमध्ये किंचाळत होती.

दुसरं वळण. मिस्त्रीणीने डॅशबोर्डला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ती काहीतरी मोजत होती. काय मोजत होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिसरं वळण. एक सिमेंटचा ट्रक, मुंगीच्या पावलांनी, सगळा रस्ता अडवून. मिस्त्रीने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. ट्रकवाल्याने हात बाहेर काढून विचारलं, घरात आग लागलीय का? मिस्त्रीणीने काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि ज्या शब्दांत ट्रकवाल्याला बाजूला व्हायला सांगितलं ते शब्द तिला येतात हे नवऱ्याला इतक्या वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं. ट्रक बाजूला झाला.

चौथं वळण.


४१ किमी

बॉनेट उभं होतं. वाफ सरळ वर जात होती, वारा पडलेला होता. ठिणगी वाकलेली, बाह्या वर केलेल्या, केस बांधलेले. झाकणावर ओढणीची घडी, घडीवर पंजा.

बापाची पिकअप तिने ओळखली. ती हसली. दुसरा हात वर करून दाखवला: बघा!

आणि तिचे ओठ हलले. एक.

मिस्त्रीने गाडी थांबवली नाही, नुसता दरवाजा उघडला. हँडब्रेक मिस्त्रीणीने ओढला. पन्नाशीचा, ढेरी सुटलेला माणूस, पायात रबरी चपला. एक चप्पल रस्त्यातच राहिली.

दोन.

"नको!" हे ओरडायला त्याच्याकडे दम नव्हता. तो ओरडलाच नाही. तो पोचला आणि तिच्या पंजावर त्याने आपला पंजा आदळला, वर दुसरा, आणि सगळं अंग टाकलं.

झाकण हललेलं होतं. केसभर. खालून शिट्टी येत होती, बारीक, किटलीसारखी, आणि ओढणीच्या कडेतून वाफेचं पातं त्याच्या मनगटाला चाटत होतं. नेमकं डागावर. तिथे त्याला काही लागत नव्हतं.

"बाबा, काय करताय, मी उघडत..."

"दाब. खाली दाब. सोडू नको."

"पण..."

"ठिणगे, दाब!"

तिने दाबलं. चार हातांखाली... नाही, पाच. मिस्त्रीण आली होती, तिचा लहान हात दोघांच्या मधून आत शिरला होता आणि बोटांनी झाकणाची कड शोधत होता, डोळे मिटून. तिने कड पकडली आणि घड्याळाच्या काट्यासारखी फिरवली.

शिट्टी बंद झाली.

"बसलं," मिस्त्रीण म्हणाली.

तरी मिस्त्रीने हात काढले नाहीत.


४१ किमी, अजून

"बाबा, तुमचे हात थरथरतायत," ठिणगी म्हणाली.

"नेहमीच थरथरतात. पोतं असतं म्हणून दिसत नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बघताना हसायचं की नाही हे तिचं ठरत नव्हतं.

मग त्याने सांगितलं. रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसून, एका पायात चप्पल, बाही वर करून. बस नाही, माणूस नाही, तीन गिऱ्हाइकं आणि एक झाकण. पोतं सरकलं. सांगताना तो डागाकडे बघत होता, लेकीकडे नाही. त्या दिवसापासून प्रत्येक झाकणाला त्याला भीती वाटत आली होती, आणि ती दिसू नये म्हणून प्रत्येक झाकण त्याने मोठ्याने मोजून उघडलं होतं.

इंजिनातून टिक, टिक असा थंड होत जाणाऱ्या पत्र्याचा आवाज येत होता.

"मग तो बसमधला माणूस?" ठिणगीने विचारलं.

"नव्हता."

"मी त्याच्यावर निबंध लिहिला होता. बाईंनी वर्गात वाचून दाखवला. त्याला मी दोन मुलं दिली होती, आणि एक म्हातारी आई."

"माहितेय," मिस्त्रीण म्हणाली. "आई मीच सुचवली होती."

ठिणगीने आईकडे पाहिलं. मग तिने आपल्या पंजाकडे पाहिलं. तळव्यावर ओढणीची वीण लाल उमटली होती. तिने मूठ मिटली आणि ती रडायला लागली, आवाज न करता, दहा वर्षांची असल्यासारखी.

"मला उशीर होत होता," ती म्हणाली. "थांबतात ते घाबरट, तुम्हीच..."

"मी गाढव."

"दोन वाजता हजर व्हायचंय मला."

"एक तास थांबायचं."

"एक तास?"

"एक तास. मी थांबतो. तू पण थांब."

तर मिस्त्री थांबला. गिऱ्हाईक नसलेल्या रस्त्यावर, येणारा जाणारा विचारत होता, काय झालं मिस्त्री, उघडा की! त्याला 'नाही' म्हणत तो थांबला. दर दहा मिनिटांनी ठिणगी विचारायची, "आता?" आणि तो म्हणायचा, "नाही." मधे एकदा मिस्त्रीण उठून त्याची चप्पल घेऊन आली.

तासाने तो उठला. ओढणी बाजूला ठेवली. उघडा तळवा झाकणाजवळ नेला, मागे घेतला, परत नेला. मायलेकी बघत होत्या आणि त्याने त्यांना बघू दिलं. हात झाडाच्या पानासारखा हलत होता. त्याने मोजलं नाही. झाकण फिरवलं.

फुस्. ढेकरेएवढं.

"एवढंच?" ठिणगी म्हणाली.

"एवढंच."

मिस्त्रीण बॉनेटखाली आडवी झाली, गाल इंजिनाला टेकवला, डोळे मिटले. मिस्त्री गाडीखाली रस्त्यावर पाठ टेकून सरकला. खड्डा नव्हता, त्यामुळे बंपर त्याच्या नाकापासून चार बोटांवर होता. रंगाची एकही बाटली कुणी आणली नव्हती.

"बसला," वरून आवाज आला.

खाली पाना फिरत राहिला. बराच वेळ फिरला. मग थांबला, आणि परत एक आटा फिरला.

"आवळला," मिस्त्री म्हणाला. आणि जरा वेळाने, गाडीखालूनच: "ठिणगे, तू वरून हात घालून बघ एकदा. आम्हा दोघांचं काही सांगता येत नाही."

तिचा हात आईसारखाच लहान होता. तो इंजिनाच्या मागे, जंजाळाखाली, अंधारात उतरला. वर मिस्त्रीणीने आणि खाली मिस्त्रीने श्वास रोखला होता.

"थांबा," ठिणगी म्हणाली. "शोधतेय."